बोटाऐवजी बाण

सोसायटीच्या डिझेल-हिशेबाचा जुना डेस्कटॉप
गोणपाटात बांधून
हिराजी तांडेल लॅमिंग्टन रोडला माझ्या पोटमाळ्यावर चढले.
म्हणाले, नातीच्या टॅबमधलं सगळं यात घाल.
टॅब माझं बोट धरत नाय.

बोट पाहिलं.
जाळी शिवून, बर्फ उपसून
रेषा पुसलेलं.
काचेला ते माणसाचं वाटत नसावं.

पेनड्राइव्ह लावला. तीनदा अडकला.
चौथ्यांदा यंत्र उठलं ते आडवंच,
चित्र नव्वद अंशात कलंडलेलं.
त्याला वाटलं, आपण कुणाच्या तरी हातात आहोत.
आम्ही दोघं माना वाकड्या करून बघत बसलो.

बिनबॅटरीचं धूड,
कोपऱ्यात मात्र चार्जिंग शंभर टक्के.
सिमकार्ड टाका, म्हणतंय.
काकांनी खरंच मागून, खालून फट शोधली.

एक सांगतो, म्हटलं, याला झोपू देऊ नका,
झोपलं की उठत नाही.
‘पयला खलाशी असाच होता माझा.’

मग माऊस धरला त्यांनी
जिवंत खेकडा धरतात तसा, मागून.
बाण थरथरत वाऱ्याच्या नकाशावर गेला.
टिचकी.
यंत्र समजलं, बोट लागलं.
मी काही बोललो नाही.

नैर्ऋत्येचा वारा, ताशी अठरा.
‘ह्ये सकाळीच कानाला कळलंवतं.
आता पोरीला लाव, मस्कतला.’

काका, आवाज अजून येत नाही याचा.
स्पीकरचं काहीतरी राहिलंय, उद्या बघतो.

खुर्ची पुढं ओढत म्हणाले,
दिसंल ना?