मागील पानावरून पुढे

रास अल खैमात मैदानाला कुलूप,
तरी गवताला पाणी चालूच होतं.
दिवसाला सहा टँकर.
खेळाडूंना अर्धा पगार, गवताला पूर्ण.
हिशेब माझाच.

वाइसाके, आमचा फिजीचा धिप्पाड गडी,
सुपरमार्केटच्या दाराशी
कपाळांचा ताप मोजायचा.
माझाही मोजला.
पगाराचं विचारलं नाही,
नुसतं म्हणाला, "पुढचा."

आज पहिला सामना.
तिकिटं एकशे बारा, त्यातली चाळीस फुकट.
पुरस्कर्त्याचं नाव उन्हानं अर्धं खाल्लेलं.

या खेळात हातानं चेंडू पुढे फेकता येत नाही.
मागच्याला द्यायचा
आणि तरी पुढे सरकायचं.

वहीचं कोरं पान उघडलं,
सवयीनं लिहिलं:
मागील पानावरून पुढे, उणे

आकडा लिहायच्या आत
शिट्टी झाली.