साडेनऊ दिनारांचा तितर

अदलियातल्या त्या हॉटेलचं कोल्ड स्टोरेज
गुरुवारी रात्री, ऐन गर्दीत बसलं.
मी गेलो. रिले जळालेला, बाकी काही नाही.
वीस मिनिटांचं काम; पण उणे अठरात
वीस मिनिटांनी बोटं आपली राहत नाहीत.

आत सगळे निवांत.
न्यूझीलंडचं लाल हरीण, आफ्रिकेचा कुडू,
शहामृगाच्या मांड्या, फ्रान्सचे ससे,
आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली:
जन्म कुठला, कळप कुठला, कापला कुणी,
कुठल्या बंदरातून निघाला. हलालचा शिक्का.
काम झालं तरी टॉर्च धरून वाचत राहिलो.
माझ्या आज्याची जन्मतारीख
अजून कुणालाच माहीत नाही.
माझ्या पासपोर्टच्या चौकशीला आलेला हवालदार
कागद मागायच्या आधी
आमच्या चुलीकडे बघून वास घेत होता.

मालक जाफर मकी, भला माणूस.
म्हणाला, किचनमध्ये नाही जेवायचं. बाहेर बस. पाहुणा म्हणून.
टेबल नंबर सात. माझ्या शर्टाला ऑइलचा वास.
जोमारनं मांडीवर पांढरा नॅपकिन पसरला
आणि मेनू हातात दिला, लग्नपत्रिकेसारखा जाड.
हरीण अकरा. ससा आठ.
तितर, डाळिंबाच्या रसात, साडेनऊ.

साडेनऊ दिनार.
मनात रुपये केले, दोन हजारांच्या वर गेले,
पुढे मोजलं नाही.
एका तितरापायी माझा आजा झिंगऱ्या
सात महिने आत होता.
तोही तितर निसटलेला.
पंचनाम्यात फासे होते, आणि तीन पिसं.

फासे तो घोड्याच्या शेपटीच्या केसांचे वळायचा,
मांडीवर, थुंकी लावून.
पहाटे माळावर पालथा पडून
जिभेखालून अशी हाक काढायचा
की नर तावातावानं धावत यायचा,
कोण घुसलं माझ्या रानात म्हणून.
गाभण हरणी अडकली तर
पाय सोडवून पाठीवर थाप मारायचा:
जा बाई, बाळंत हो, मग बघू.

प्लेट आली. तितर मधोमध, इवलासा,
वर डाळिंबाचे दाणे, खाली न ओळखीचा पाला.
"एकदम रानचा!" मकी म्हणाला.
मांस लोण्यासारखं. नडगी दाताखाली
बिस्किटासारखी तुटली.
माळावरच्या तितराचं हाड दाताला उलटं उत्तर देतं,
दुसऱ्या दिवशीपर्यंत जबडा दुखतो.
हा कधी पळालाच नव्हता.
त्याच्या मागं कधी कुणी लागलंच नव्हतं.
मी म्हणालो, चांगला आहे.
खोटं नव्हतं. चांगलाच होता.

मग कसं कोण जाणे, जीभ टाळूला लागली
आणि हाक निघून गेली.
हळूच, पण निघाली.
शेजारच्या टेबलावर काटे थबकले.
बाहेर अंगणात, हुक्क्याच्या धुराच्या पलीकडे,
कुणा गिऱ्हाइकाचा ससाणा खुंटीवर बसला होता,
डोळ्यांवर कातडी टोपी, पायात दोरी.
त्यानं मान वळवली. टोपीसकट. नेमकी माझ्याकडे.

मकीनं टाळ्या वाजवल्या. पुन्हा कर, पुन्हा कर!
मी पाणी प्यायलो.
ससाणा बराच वेळ तसाच,
नसलेल्या माळाकडे तोंड करून.

बिल घेतलं नाही त्यानं. मी माझं दिलं:
रिले एक, मजुरी, टॅक्सी.
खोलीवर आलो तेव्हा तिकडे पहाट होत होती.
बापाचा फोन. तो उठला की आधी मला उठवतो.
काय खाल्लं रात्री?

बोटांना अजून तुपाचा वास होता.
भाकर, म्हणालो. भाकर आणि मिरची.
तीन पिढ्या आमच्यात
या प्रश्नाला हेच उत्तर आहे,
विचारणारा कुणी का असेना.

बाप थोडा वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, बरं केलंस.