खरवड

पणजीहून आणलेल्या कागदावर
वरच्याच ओळीत आहे ब्रोकोली, ग्रीक दही, टोफू.
मी तो फ्रिजवर चिकटवला
आणि त्याच्याखाली भरती-ओहोटीचं वेळापत्रक.
निवतीत आठवडा ह्या दुसऱ्या कागदावरून ठरतो.

पोट आता वेलची केळ्याएवढं आहे,
असं डॉक्टरांनी बोट दाखवून सांगितलं होतं.
सत्यवान म्हणाला, तुझं वेगळं करूया?
छोटा टोप, छोटी डवली.
मी म्हटलं, नको. आजारी माणसाचं वेगळं असतं.
टोप एकच. फक्त तिखट पडायच्या आधी
माझी वाटी काढून ठेवायची.

सोमवारी मासळी नाही, म्हणून कुळथाची पिठी.
लवूला भातावर,
सत्यवानाला तळलेल्या सांडग्या मिरचीसोबत,
मला नुसतीच, चमच्याने,
मोठ्या हॉटेलातलं सूप प्यावं तशी.
कुळीथ म्हणजे काय, डॉक्टरांनी दोनदा विचारलं,
मग स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

बुधवारी पास्कीन मुडदुशे आणते.
"बाळंतिणीक देतत ते," म्हणते,
आणि मापावर दोन जास्त टाकते.
काटे काढायचं काम ऋतिकाने घेतलंय.
बारावीचं पुस्तक उपडं ठेवून
ट्यूबलाईटखाली बसते, नाक मुरडत.
तिला मासा कधी आवडला नाही.

तिसऱ्या बंद. एकदाच खाल्ली, एकच,
आणि ती मधेच अडकून बसली.
अर्धा तास मी खिडकीला धरून उभी होते.
मागे सगळे जेवत होते,
माझ्याकडे न बघायची शिकस्त करत.

घास तीसदा चावायचा.
जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही.
सोलकढीचा पेला घड्याळाखाली ताटकळत असतो.

वीस वर्षं मी शेवटी जेवले.
सगळ्यांची ताटं झाली की टोप पुढ्यात ओढायची :
ह्याची अर्धी तुकडी, तिने सारलेला भात,
लवूने बाजूला काढलेलं वांगं, वाया कशाला,
आणि तळाची खरवड,
जी मला आवडते असं सगळ्यांना वाटायचं.
मलाही.
त्या घासांना कोणी जेवण धरलं नाही.
वजनकाट्याने धरलं.

आता साडेबाराला मी पहिली बसते.
पहिल्या दिवशी
नैवेद्याआधी चव घेतल्यासारखं झालं,
मान वर होईना.
सासूबाई देवळातून आल्या, वाटीकडे बघितलं,
काही बोलल्या नाहीत,
पंखा तेवढा माझ्याकडे वळवला.

पहिले पंधरा दिवस रोज भात उरला.
कावळे जाड झाले, शेजारचा कुत्रा
आमचाच असल्यासारखा पायरीवर झोपू लागला.
मग सत्यवानाने स्टीलचा पेला हातात घेतला.
तीन नको, दोन. दोनही नको, पावणेदोन.
परवा तांदूळ मोजता मोजता थांबला.
"इतकी वर्षां बरोबर कसो पुरायचो गो भात?
कधी उरलो नाय, कधी कमी पडलो नाय."
कोणी उत्तर दिलं नाही.
माझ्या तोंडात घास होता. सतरा, अठरा.

शुक्रवारची जागा कोरी आहे.
वारा उलटा, बोटी गेलेल्या नाहीत.
अंडी आहेत सहा, शेवग्याचा पाला परसात आहे,
नारळ एक फोडलेला.
होईल.

टोप रिकामा करताना लवू आज तळाशी पोचला.
उलथण्याचा तो आवाज
मी पहिल्यांदाच बसल्या जागेवरून ऐकला.
"आये, ह्या भारी लागता!
आमका कधी दिलंस नाय ता?"
सव्वीस.
सत्तावीस.