औषध दिल्याची तारीख

पौष लागला त्या दिवशी वही आली,
निळ्या पुठ्ठ्याची, महिन्याला एक.
रकाने कानडीत.
शेजारच्या शिवलीलेनं वर पेन्सिलीनं मराठी लिहून दिलं:
वैरण कुठली. पाणी कुठलं. दूध किती. औषध कोणतं, कधी.
शेवटचा रकाना अरुंद. त्याला ती म्हणाली, "शेरा."
तेवढ्यात काय मावणार, ते तिलाही माहीत नव्हतं.

चार गाई आमच्या. केंपी, बाळी, तिची पाडी,
आणि हुक्केरीच्या बाजारातून आणलेली, म्हणून हुक्केरी.
तिला "ये" म्हटलं तर ऐकू येत नाही,
"बा" म्हटलं की दाव्यासकट येते.
धार काढताना मी तिच्याशी मोडकं कानडी बोलते.
चुका ती काढत नाही.

पहाटे चारला जांबोटीच्या रानाकडून धुकं येतं,
गोठ्यात गाईंच्या वाफेत मिसळतं.
बोटं आधी कोमट पाण्यात, मग सडाला.
नागोजी मोटारसायकलला कॅन बांधतो,
टिळकवाडीत सतरा घरं.
तिथं विचारतात, साय एवढी पिवळी कशी,
हळद घालता काय?
तो सांगतो, गवत घालतो.

पहिला आठवडा वही सोपी होती.
पिंजर, घरचं. मका, बांधावरचा. पाणी, विहिरीचं.
औषधाच्या जागी रेघ.
रेघ मारताना मला बरं वाटायचं.

नवव्या दिवशी केंपीचा मागचा उजवा सड
दगडासारखा. आमच्याकडे दगडीच म्हणतात.
पिळलं तर गुठळ्या, आणि एक गुलाबी धागा.
कोरफड, हळद, चुना पाट्यावर वाटून
दिवसातून दहादा लावलं. वहीत मांडलं:
कोरफड परसातली, हळद परसातली,
चुना सासऱ्यांच्या पानाच्या डब्यातला.
केंपीनं रवंथ सोडला,
त्याला रकाना नव्हता.

"अजून एक दिवस बघू," नागोजी म्हणाला.
काल हेच मी म्हणाले होते.

अकराव्या रात्री तिचे कान गार लागले.
मी कौजलगी डॉक्टरांना फोन लावला.
कानटोपी घालून आले, सिरिंज भरता भरता
कानडीत काहीतरी बोलले, माझ्याकडे न बघता.
शिवलीला झोपेतून उठून आली होती. तिनं सांगितलं:
"म्हणतात, परवा बोलवायला काय झालं होतं?"

दूध सात दिवस विकू नका, म्हणाले.
वहीच्या नियमानं त्याचे चौदा.
चौदा दिवस, दोन्ही वेळा,
मी केंपीची धार काढली आणि ओतली.
जीवामृताच्या पिंपात नाही, वासराला नाही,
बांधापलीकडं खणलेल्या खड्ड्यात.
पहिल्या दिवशी मान वळवली.
पाचव्या दिवशी बघत उभी राहिले:
पांढरं, मग राखाडी, मग नुसती ओली माती.
कुत्रं आलं, हुंगलं, गेलं.

टिळकवाडीत चार घरांना दूध पुरलं नाही.
एकीनं पिशवीचं सुरू केलं, ते सुरूच राहिलं.
एकीनं नागोजीजवळ लोणच्याची बरणी पाठवली,
कशाबद्दल ते त्याला विचारता आलं नाही.

महिना संपत आला तेव्हा तो हळूच म्हणाला,
जणू वही ऐकते,
"इंजेक्शन लिहायलाच पाहिजे काय?
कुणी बघितलंय?"
"शिवलीलेनं," मी म्हणाले.
तो वैरण कापायला गेला. बराच वेळ
कोयत्याचा आवाज येत राहिला, गरजेपेक्षा जास्त.

संध्याकाळी कोनाड्यातली रिकामी बाटली
त्यानंच आणून दिली. धुऊन ठेवलेली.
नाव इंग्रजीत, मुंगीएवढं.
शिवलीला एकेक अक्षर वाचत गेली,
मी उतरवत गेले, दोनदा खोडलं.
तारीख तेवढी एका झटक्यात लिहिली.

"आणि शेरा?" तिनं विचारलं.
मागं केंपी बसली होती, डोळे अर्धे मिटून,
जबडा डावीकडून उजवीकडं.
"रवंथ सुरू," मी म्हणाले. "कानडीत काय?"
तिनं पेन्सिलीचं टोक चावलं.
"मेलुकु."
लिहिताना शेवटचं अक्षर
रेघेबाहेर गेलं. तसंच ठेवलं.