फोकस

दर बुधवारी विमानतळावरून ट्रक यायचा,
कडांना गंज धरलेले सात-आठ डबे,
लेबलांवर खोडलेली गावं : आबादान, बसरा, कुवेत.
आमच्या अवालीच्या कंपनी थिएटरात पोहोचेपर्यंत
थेल्मा वॉर्डेल पाच-सहा वर्षं शिळी झालेली असायची,
आणि क्रमाने तर कधी आलीच नाही.

पहिल्यांदा आली ती आई होऊन.
कानामागे पांढरी बट,
लढाईला निघालेल्या मुलाच्या कॉलरवरचा धागा काढत.
तिसऱ्या आठवड्यात त्याच नटाबरोबर नाचली,
पाठ उघडी, मान मागे टाकून.
तिकिटं फाडणारा खलफान केबिनच्या जिन्यावर धावत आला,
"ही तर त्याची आई!"
म्हटलं, बाबा रे, हे आधीचं आहे.
"मग आधी का नाही दाखवलं?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
कंपनीकडेही नसावं.

मग एकदा, बिननावाच्या कामात,
हातात ट्रे घेऊन दारातून आली न् गेली.
चार सेकंद. शहाण्णव फ्रेमा.
मी मोजल्या. दुसरं करणार काय,
आर्कचा कार्बन जळतोय, केबिनमध्ये एकशे अठरा डिग्री,
बनियन पिळून खिळ्याला टांगलेलं.
कप खरे होते, कारण तिचा हात थरथरत होता.

साहेबांच्या बंगल्यांतून रद्दी यायची, त्यात मासिकं.
शब्द जुळवत वाचायचो.
खाणकामगाराची पोर. नाव बर्था, ते बदललं.
पुढचे दात बदलले. कपाळ लहान म्हणून केस उपटले.
सात वर्षांचा करार.
एका कामाला नाही म्हणाली तर आठ महिने घरी बसवली,
आणि ते आठ महिने कराराच्या शेवटाला जोडले.
इथे मात्र मी हसलो.
मला विषमज्वर झाला तेव्हाचे बावीस दिवस
आमच्या कारकुनाने अगदी असेच जोडले होते.

दोन वर्षांनी एकदा दाभोळला उतरायचो.
मैमूना पाण्याचा तांब्या पुढे करायची,
जरा थांबून बघायची,
"दर खेपेला निराळंच कोणीतरी पाठवतात."

चाळिशी आली तशी थेल्मा धुरकट झाली.
त्याचा चेहरा आला की शर्टाची शिवणसुद्धा दिसे,
तिचा आला की धुकं.
पहिल्या रांगेतले ड्रिलर शिट्ट्या मारत, फोकस! फोकस!
मागून आमचेही लोक ओरडत, झोपलास काय रे!
पेंडलबरी साहेबाने मेमो दिला.
लेन्स साफ होती. शमालची धूळ तर मी
गेटमधून उंटाच्या केसांच्या ब्रशने रोज काढायचो.
चूक तिकडची होती, चूकही नव्हे :
कोणीतरी कॅमेऱ्यावर रेशमी मोजा ताणला होता
तिच्या डोळ्यांखालचं दिसू नये म्हणून.

हे मी कोणाला सांगितलं नाही.
ती पडद्यावर आली की नॉब धरायचो,
केसभर इकडे, केसभर तिकडे,
खाली वाटावं, ऑपरेटरच नालायक आहे.
असे तीन मेमो जमले. एकदा पगार कापला.

शेवटचा डबा आला तेव्हा माझीही दाढी पिकली होती.
घरमालकीण होती ती त्यात, दोनच प्रसंग.
कोण दिग्दर्शक होता कोण जाणे, त्याने मोजा काढून टाकला.
दिवा सरळ तोंडावर.
एकेक सुरकुती, ओठावरची लव, मानेची शीर,
तेरा बाय वीस फुटांवर.
माझा हात सवयीने नॉबवर गेला
आणि तिथेच राहिला.
थिएटरात कोणी ओरडलं नाही.
रिफायनरीची ज्योत भडकली की भिंत लाल व्हायची, तेवढंच.

लोक गेल्यावर खलफान वर आला,
झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा,
"ही आधीची की नंतरची?"
मी रीळ उलटं फिरवत होतो.
खेळ संपला की शेवट बाहेर राहतो, सुरुवात आत,
तसाच डबा पाठवला तर शिव्या बसतात,
आणि सकाळच्या विमानाने तो
दोह्याला जायचा होता.