नेव्याशी

कार्डावर माझं नाव, नावाखाली 'ट्रेनी',
त्याखाली पेन्सिलीनं आखलेले चार चौकोन:
वाइंडिंग, स्टोअर्स, खरेदी, टेस्टिंग.
प्रत्येकी तीन महिने. मग म्हणे मी इंजिनियर.
कराडहून आणलेली डिग्री
मांजलपूरच्या खोलीत गादीखाली सपाट होत होती.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी
जशुभाई परमारांनी माझे हात पाहिले,
उलटे, सुलटे,
बाजारात वांगं निवडावं तसे.
म्हणाले, बांगडी काढ, बेन. तांबं ओळख विचारत नाही.

कागदात गुंडाळलेली तांब्याची पट्टी
साच्यावर चढते ती ओढून नव्हे, समजावून.
लाकडी हातोडीची एक थाप, अर्धी थाप.
जोर जास्त झाला की कागद रडतो.
'रडतो' हा त्यांचा शब्द.
पुस्तकात त्याला दुसरं काही म्हणतात, मी ते विसरले.
साचा फिरायचा, ते उभे असायचे.
सव्वीस वर्षं त्याच फरशीवर,
तिथे सिमेंटला दोन पावलांची बशी पडलेली.

एकशे चौदा वेढे.
यंत्राचा काउंटर आठावर अडकलेला,
त्याची तक्रार माझ्या जन्माआधीची असावी.
म्हणून ते मोजायचे तोंडानं, पुटपुटत,
आणि एकदा दुपारी साखरेची गोळी घ्यायला गेले.
जाताना म्हणाले, 'नेव्याशी थया. गणजे.'
मी ऐकलं नव्वद.
एक्याण्णवपासून पेडल दाबलं.
ते परतले तेव्हा एकशे तीन म्हणाले मी,
त्यांनी मान डोलावली. माझ्या आकड्यावर.

मग स्टोअर्स. मग खरेदी, जिथे माणसं
फोनवर 'उद्या' हा शब्द तीन भाषांत बोलतात.
ऑर्डर कुठेतरी अडकली होती.
ती कॉइल प्लास्टिकखाली पडून, टॅगवर धूळ,
आणि मी पुढच्या चौकोनात.

टेस्टिंगच्या दुसऱ्या आठवड्यात
बी फेजचं गुणोत्तर जुळेना.
पावणेनऊ दशांश, शेकड्याला एकाहून थोडं कमी.
मिस्त्रींनी तीनदा क्लिपा बदलल्या.
मी बोटांनी भागाकार केला:
एक, भागिले एकशे चौदा.
टॅग पुसला. जशुभाईंची सही,
शेजारी माझी आद्याक्षरं, केवढी ऐटीत.

अहवालात 'कारण' या रकान्यात
कुणीतरी आधीच लिहिलं होतं: कारागिराची चूक.
मी दलालसाहेबांकडे गेले.
ते म्हणाले, ट्रेनीचं नाव इथे येत नाही,
तसा रकानाच नाही. तू कशाला?
सोळा महिन्यांनी तू पुण्यात असशील.
मी त्यांच्याच पेनानं
'कारागिराची' खोडलं, वर माझं नाव लिहिलं.
अक्षर वाकडं आलं. त्यांनी पेन परत मागितलं.

दोन दिवस मागे जायला
वेळापत्रकात चौकोन नव्हता. तशीच गेले.
जशुभाई काही बोलले नाहीत, साचा उलटा फिरवला.
एकशे तेरा, एकशे बारा,
ते त्यांच्या भाषेत, मी माझ्या.
वाकलेलं तांबं पुन्हा सरळ होत नाही,
भंगाराच्या ढिगात ते गोलच पडत होतं.
शंभराच्या खाली आल्यावर मी आवाज मोठा केला.
नव्वद, म्हणाले मी.
'नेवुं,' म्हणाले ते.
एकोणनव्वद.
'नेव्याशी.'
त्यांचा हात हातोडीवर थांबला.
माझ्याकडे पाहिलं, मग अडकलेल्या काउंटरकडे,
आणि शेडच्या पत्र्याला ऐकू जाईल असे हसले,
हसता हसता खोकले.
पगारातले साडेआठशे मात्र कापले गेलेच होते,
ते मी देऊ केले, त्यांनी घेतले. मोजून.

महिनाअखेरीला फॉर्म आला.
'या विभागात आपण काय शिकलात? तीन ओळींत लिहा.'
मी एकच लिहिली:
नेव्याशी म्हणजे एकोणनव्वद.