संपर्क

पोस्टरवर सगळ्यात वर तिचा फोटो,
मग नाव, मग संच, मग हात जोडलेले नगरसेवक,
आणि पार खाली, जिथला गोंद आधी सुटतो,
तिथं मी:
संपर्क, आणि दहा आकडे.

इंदोऱ्यापासून कामठीपर्यंत माझा नंबर लोकांना पाठ आहे,
नाव कोणाला ठाऊक नाही.
"गाणाऱ्या बाईचे भाऊ का?" विचारतात.
हो म्हणतो.
दहा टक्क्यांत तेवढं नातं येऊनच जाते.

अकरा वर्षं झाली.
सुलेखना रामटेके गाते, बाकीचं सगळं मी.
मंडळाचा अध्यक्ष म्हणते, उरलेले पैसे उद्या.
मी म्हणतो, उरलेली गाणी पण मग उद्याच ऐका.
जनरेटरात डिझेल किती, काडी घालून पाहतो.
बँजोवाल्याला बाटलीपासून,
ढोलकवाल्याला त्याच्या सासऱ्यापासून,
तिला बर्फाच्या पाण्यापासून दूर ठेवतो.
पहिल्या रांगेत कधी बसलो नाही.
तिचा आवाज मला माहीत आहे तो
स्पीकरच्या पाठीकडून, नोटा मोजता मोजता.
तिसऱ्या कडव्याला ती वर जाते
तेव्हा माझी मोजणी चुकते. दर वेळी.
पुन्हा पहिल्या नोटेपासून सुरू करतो.

यंदा मार्चमध्ये धंतोलीच्या डॉक्टरनं
नळी घालून पडद्यावर दाखवलं:
दोन तंतू, त्यांवर राजगिऱ्याएवढे दोन दाणे.
तीन महिने बोलायचं नाही.
कुजबुजायचं तर मुळीच नाही.
ती काही बोलली नाही.
तिथूनच सुरुवात केली तिनं.

आणि समोर एप्रिल.
गाणाऱ्याचा एप्रिल काय असतो, ते नागपुरात समजते.
चौकाचौकात निळे झेंडे, गल्लीच्या तोंडाशी स्टेज,
एका रात्री तीन ठिकाणी तीच पार्टी,
जयंतीच्या पंधरवड्यावर घराचं वर्षभराचं भाडं.
एकोणीस तारखा. एकोणीस ॲडव्हान्स.
एकोणीस फोन केले.

खरं कोणालाच सांगितलं नाही.
बाजारात एकदा "गळा गेला" झालं
की गळा परत आला तरी बाजार येत नाही.
म्हटलं, बाई बाहेरगावी. म्हटलं, घरात लग्न.
जरीपटक्याच्या एकाला सांगितलं,
तुमच्या तारखेला दुसरीकडून जास्त मिळून राहिले.
त्यानं माझ्या आईचा उद्धार केला.
ते बरं झालं.
हावरट मॅनेजर लोकांना लगेच पटतो.
ॲडव्हान्स परत करता करता माझी व्हॅन गेली.
तिला म्हटलं, गॅरेजमध्ये आहे.

चौदाच्या रात्री वैशालीनगरात, तिच्या घरी
खिडक्या लावून बसलो होतो.
तरी तीन स्टेजवरून तीन आवाज आत येत होते.
तिनं पोराची जुनी पाटी ओढली,
लिहिलं: मधली बेसूर.
मी म्हटलं, पण तिचा मॅनेजर चांगला आहे.
खूप वेळ हसली, आवाज न करता.
मग पाटी पुसून लिहिलं:
व्हॅन किती ला विकली?

जून लागला तरी ऊन तसंच.
डॉक्टरकडून परतताना ॲक्टिव्हावर
पंचशील चौकाच्या सिग्नलला, हिरव्या जाळीखाली,
माझ्या पाठीमागून काहीतरी आलं.
शब्द नव्हते. एकच स्वर, खालचा,
चाळणीतून पीठ पडावं तसा कोरडा,
मधेच तुटलेला,
मग सरळ.

मी मान वळवली नाही.
खिशात फोन वाजून राहिला होता,
अकरा वर्षांत पहिल्यांदा वाजू दिला.
सिग्नल सुटला.
मागचा ऑटोवाला ओरडला, "काहून थांबला बे?"
मी मोजून राहिलो होतो, किती टिकते.
सतरापर्यंत आलो
आणि चुकलो.